पूर्ण ऐकले

माझ्या थोरलीचा आवाज गेला त्याला अडीच वर्षं झाली. गेला म्हणजे बसला नव्हे. घशातली आवाजाची पेटीच डॉक्टरांनी काढून टाकली. काढली नसती तर पोरगी गेली असती, हे मला समजावून सांगायला माणसं फार पुढे सरसावतात. मला समजतं. मी चौथी शिकलेय, मठ्ठ नाही.

आता ती गळ्यातल्या भोकातून श्वास घेते. हसते तेव्हा खांदे हलतात, आवाज येत नाही. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. पहिल्या दिवशी तिनं ते लावून ‘आई’ म्हटलं आणि शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं. तिचे खांदे खूप वेळ हलत राहिले. मग तिनं ते यंत्र खणात ठेवलं, ते आजतागायत तिथंच आहे. बोलायचं असलं की ती फोनवर टाइप करते आणि फोन माझ्या नाकासमोर धरते. मी अक्षरं लावून लावून वाचते. माझं वाचून होईपर्यंत तिचा राग अर्धा निवलेला असतो, तेवढाच फायदा.

आजारपणाच्या आधी नोकरी सांभाळून तिनं एक वाचनालय उभं केलं होतं. इंटरनेटवरचं. त्याला भिंती नाहीत, कपाटं नाहीत, आणि वर्गणी तर नाहीच नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, किंवा अक्षरं माझ्याशी वागतात तशी ज्यांच्याशी फटकून वागतात, त्यांच्यासाठी शाळेची पुस्तकं मोठ्यानं वाचून ठेवलेली. कुणीही यावं, ऐकावं, उतरवून घ्यावं. मागच्या खोलीत चारी बाजूंनी रजया टांगून, पंखा बंद करून ती आत वाचत बसायची आणि घामानं निथळत बाहेर यायची. मी दाराशी स्टूल टाकून पहारा करायचे. माझ्या धाकानं दूधवाला खाणाखुणांनी बोलायला शिकला.

पहाऱ्यावरून माझी बढती झाली ती तपासणीवर. लोक काय काय आणून टाकायचे त्या वाचनालयात! एकच धडा तीनदा. गणिताच्या नावाखाली गाणी. एकानं तर इतिहास म्हणून स्वतःच्या आजोबांची तासभर मुलाखत टाकली होती; आजोबा गोड होते, पण इतिहासाच्या पेपरात ते येणार नव्हते. थोरली म्हणाली, “आई, तुझ्याइतके तिखट कान घरात कुणाचे नाहीत. तू ऐकत जा.” मग मी ऐकायला लागले. ‘चौथ्या मिनिटाला कुकरची शिट्टी.’ ‘बाई आवंढा गिळते तो ऐकू येतो.’ ‘इथं दोन पानं एकदम उलटली, मधलं गाळलं.’ मी तोंडानं सांगायचे, ती लिहून घ्यायची.

नियम तिनंच केलेले. प्रत्येक धड्याला एक पाटी: इयत्ता, विषय, पुस्तकाचं साल, कुणी वाचलं, कुणी तपासलं. एक धडा दोनदा आला तर चांगला वाचलेला ठेवायचा, दुसरा काढायचा. पुस्तक बदललं की जुनं वाचन काढायचं, मग ते कुणीही वाचलेलं असो. आणि शेवटी एक चौकोन, ‘पूर्ण ऐकले’. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकल्याशिवाय त्यात खूण करायची नाही. मी कधी केली नाही. लोक म्हणायचे, काकूंनी ऐकलं म्हणजे ऐकलं. या वाक्यानं माझी मान केवढी ताठ व्हायची ते मी इथं लिहीत नाही, पुढचं लिहायला जड जाईल.

ऑपरेशननंतर थोरलीनं वाचनालय सोडलं नाही. वाचणं गेलं, बाकी सगळं ती बघत होती. पण स्वतःची वाचनं ती ऐकत नसे. एकदा मी स्वयंपाकघरात तिचा भूगोल मोठ्यानं लावला होता. ती आली, वायर उपटली, गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मी हेडफोन लावायला लागले.

तिची वाचायची एक पद्धत होती. ‘म्हणजे’ म्हणायच्या आधी ती क्षणभर थांबायची, समोर कुणी बसलंय आणि त्याचा चेहरा बघतेय अशी. अवघड शब्द आला की तो दोनदा म्हणायची, दुसऱ्यांदा जरा हळू. लहानपणी धाकट्या भावंडांना ती असंच शिकवायची. प्रत्येक धड्यासमोर आकडा असतो, किती जणांनी ऐकला त्याचा. सकाळी उठलं की मी आधी तो बघायचे. काल दोनशे नव्वद, आज तीनशे बारा. म्हणजे काल बावीस घरांत माझी थोरली बोलली. कुणाच्या ओट्यापाशी, कुणाच्या उशाशी. इथं माझ्या घरात ती गप्प, पण बाहेर कुठं तरी तिचं बोलणं चालू आहे, या एका गोष्टीवर मी दिवस काढत होते.

आणि मग दहावीचं विज्ञान बदललं.

आमच्याकडे यादी ठेवायचं काम मुंगीचं. मुंगी म्हणजे थोरलीची मैत्रीण, एका कचेरीत कारकून आहे. बारीक, सतत लगबगीत, आणि दाणा दाणा वेचून आणणारी, म्हणून मुंगी. तिनं एकोणीस धड्यांची यादी पाठवली. “काकू, हे ताईचे सगळे काढायचे. नवं पुस्तक आलंय. नवीन वाचन वर टाकलंय, तेवढं तपासा आणि जुने उडवा.”

नवीन वाचणारी बाई कोण, तर आयुष्यभर बसस्टँडवर गाड्या पुकारलेली. आवाज खणखणीत, नाकारत नाही. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी गाडी सुटतेय असं वाटायचं.

मी मुंगीला फोन केला. “ही तुझी स्टँडवाली पेशींबद्दल सांगतेय की पाच नंबरच्या फलाटाबद्दल?”

“काकू, बाई बिचारी फुकट वाचतेय हो.”

“फुकट म्हणून काय पोरांना धडकी भरवायची?”

“ताईसारखं कोण वाचणार आता,” मुंगी म्हणाली, आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं असावं. “म्हणजे… तसं नाही काकू.”

“ठेव फोन,” मी म्हटलं.

मी तपासायला बसले. नवा पहिला धडा लावला, आणि शेजारी थोरलीचा. शब्दाला शब्द तोच. दुसरा, तोही तोच. तिसऱ्यात एक चित्र बदललं होतं, बाकी तेच. मी मनाशी म्हटलं, ही सगळी छापणाऱ्यांची नाटकं. वरचं कव्हर बदललं, आत माल तोच. मग एक धडा दोनदा आलाय, असंच ना? आणि दोनदा आला तर चांगला वाचलेला ठेवायचा, हा नियम कुणाचा? थोरलीचाच.

चौथा धडा मी लावला नाही. विसरले नाही, डोळा लागला नाही, कुणी हाक मारली नाही. लावला नाही. लावला असता तर काय ऐकू येईल याची मला कुठं तरी आतून शंका होती, म्हणून लावला नाही. हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी मी उठून भांडी घासली.

मग परत येऊन थोरलीच्या एकोणीस पाट्यांवरचं साल बदललं. जुनं खोडलं, नवं घातलं. स्टँडवालीचे एकोणीस काढले. आणि एकोणीस चौकोनांत खूण केली.

मुंगीनं बघितलं असणार. पण चौकोनात खूण होती, आणि ती माझी होती.

सात महिने काही झालं नाही. आकडे चढत राहिले. परीक्षा जवळ आली तसे ते भराभर चढले, आणि मी येड्यासारखी खूश होते. निकाल लागून महिना झाला असेल, दुपारी फोन वाजला. वाचनालयाच्या पानावर माझाच नंबर आहे, कारण थोरली फोनवर बोलू शकत नाही.

“ताई आहेत का? वाचणाऱ्या ताई?” बाईमाणसाचा आवाज होता, तिशीतला असेल. अगदी स्वच्छ.

“ताई कामात आहे. मी तिची आई. काय ते मला सांग.”

“काकू, मी ऑपरेटर आहे. कंपनीचे फोन जोडून देते. मला दिसत नाही ना, त्यामुळे ताईंवरच सगळा अभ्यास. दहावी बाहेरून देत होते. पास झाले असते तर तिथं कायम करणार होते मला.” ती जरा हसली. “विज्ञान राहिलं. चार मार्कांनी.”

“अगं मग परत दे. चार मार्क म्हणजे काय डोंगर आहे का?”

“देणारच आहे. पण काकू, एक विचारायचं होतं. ताईंना राग येणार नाही ना? मी उत्तरपत्रिका मागवली, एका बाईंनी वाचून दाखवली. अळंबी कोणत्या गटात येते, असा प्रश्न होता. मी लिहून घेणाऱ्याला सांगितलं, वनस्पती. चूक दिलंय. सजीवांचे गट किती, तर मी दोन म्हटलं. तेही चूक. त्या बाई म्हणाल्या, पुस्तकात पाच आहेत, अळंबी वेगळ्याच गटात आहे. पण मी ताईंचा चौथा धडा इतक्यांदा ऐकलाय काकू, तोंडपाठ आहे मला. ‘अळंबी ही, म्हणजे, हरितद्रव्य नसलेली वनस्पती.’ असंच म्हणतात त्या.”

तिनं ते ‘म्हणजे’ बरोब्बर म्हटलं. त्याच्या आधी थांबून.



“माझंच काही ऐकण्यात चुकलं का हो?” तिनं विचारलं.

आयुष्यात मी कुणाला भ्यायले नाही. सासऱ्यांना तोंडावर बोललेय, घरमालकाला जिना उतरायला लावलाय. आणि त्या न दिसणाऱ्या पोरीला, जी मला बघूही शकत नव्हती, तिला मी म्हटलं, “हो. तुझंच ऐकण्यात चुकलं असेल.”



“असेल,” ती म्हणाली. “आता मी प्रत्येक धडा दोनदा ऐकेन. ड्यूटीला जायच्या आधी, पहाटे शांत असतं. ताईंना माझा नमस्कार सांगा हं काकू. त्यांना सांगा, मी त्यांना सोडणार नाही.”

परीक्षा संपल्यावर विज्ञानाकडे चिटपाखरू फिरकत नाही. सगळे आकडे थिजलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पान उघडलं तर पहिल्या धड्याचा आकडा दोननं वाढला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा, दोननं. त्याच्या पुढच्या दिवशी तिसऱ्याचा. ज्या आकड्यासाठी मी उठत होते तो बघायची मला दहशत बसली. चौथ्या दिवशी मी पान उघडलंच नाही. नवं पुस्तक मुंगीनं कधीच आणून दिलेलं होतं, ते काढलं आणि चौथ्या धड्यावर बोट ठेवून वाचायला लागले. मला अर्धं पान वाचायला भाजी शिजते तेवढा वेळ लागतो. सजीवांचे गट पाच. अळंबी वनस्पती नाही. तिच्या गटाला ‘कवक’ म्हणतात, हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. पाचवा धडा नवा. सहावा नवा. सातव्यापासून सगळं उलटंपालटं.

मी पुस्तक घेऊन थोरलीच्या खोलीत गेले. ती कॉम्प्युटरवर काहीतरी करत होती.

“दहावीचं विज्ञान खरंच बदललंय,” मी म्हटलं.

तिनं भुवया उंचावल्या. म्हणजे, मग? माहीत आहे की.

“मी तुझंच ठेवलं. साल बदलून. स्टँडवालीचं काढलं.”

तिचे हात कीबोर्डवर होते तसेच राहिले. मग तिनं फोन घेतला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. माझ्यासमोर धरलं.

“कधी?”

“सात महिने झाले.”

“तू ऐकलंस ना पूर्ण?”

“तीन ऐकले.”

“खूण केलीस?”

“केली.”

तिनं टेबलावर मूठ मारली, पेनं उडाली. मग मी ऑपरेटर पोरीचं सांगितलं. चार मार्क, अळंबी, आणि मी तिला काय म्हटलं तेही. ते सांगताना मी खिडकीकडे बघत होते. वळले तेव्हा थोरली नुसती माझ्याकडे बघत होती. तिच्या गळ्यातून श्वासाची शिट्टी येत होती, जोरजोरात. भांडायला समोर आवाज नसला की आपला आवाज किती कर्कश आहे ते कळतं. कळलं, तरी मी थांबले नाही.

“बघतेस काय अशी? मी काय करायला हवं होतं? तू ऐकत नाहीस, मला घरात ऐकू देत नाहीस, आणि वर म्हणतेस एकेक पुसून टाका! मी माझ्या हातानं पुसू? कुठं तरी कुणाच्या तरी कानात तू होतीस, एवढंच राहिलं होतं मला!”

ती लिहीत होती. मी बोलत असतानाच लिहीत होती. फोन समोर आला.

“ते मी नाही. ते पुस्तक आहे.”

“मला शिकवू नकोस.”

तिनं फोन ओढून घेतला, परत लिहिलं. या वेळी बराच वेळ. मी उभी होते. तिनं फोन माझ्या हातातच दिला आणि स्वतः तोंड फिरवून बसली. मी अक्षरं लावली. एकदा लावली, परत लावली.

“अडीच वर्षं तू कानात तिला घालून बसलीयस. मी चहा आणून ठेवते, तू वर बघत नाहीस. मी लिहून समोर धरते, तू म्हणतेस थांब, एवढा धडा संपू दे. मी मेले नाही आई. मी इथं आहे. तुला माझ्यापेक्षा ती आवडते.”

मला उत्तर द्यायचं होतं. मी आयुष्यभर प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर दिलंय. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. घरात त्या वेळी दोघींनाही आवाज नव्हता.

तिनं फोन परत घेतला. “तिला फोन लाव. आत्ता. स्पीकरवर.”

नंबर तिच्या कंपनीचाच होता, पोरगी कामावर होती. “नमस्कार, कुणाशी जोडून देऊ?” म्हणाली. मी म्हटलं, कुणाशी नको, तुझ्याशीच बोलायचंय. मी वाचनालयातली काकू.

“अगंबाई! थांबा हं, एक लाइन सोडते.” मग म्हणाली, “बोला.”

“तुझं ऐकण्यात चुकलं नव्हतं,” मी म्हटलं. “तू ऐकलंस तेच तिथं आहे. धडा जुन्या पुस्तकाचा आहे. मी त्याच्यावर नवं साल घातलं. मला माहीत होतं. म्हणजे… मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. आणि त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं.”

पलीकडे दुसरे फोन वाजत होते, ते ऐकू येत होते. ती उचलत नव्हती.

“सगळे एकोणीस?” तिनं विचारलं.

“सगळे.”

“मी आज पहाटे चौथा दोनदा ऐकला,” ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी झेललं असतं. “मला वाटलं, माझ्या कानातच दोष आलाय. मी डॉक्टरकडे नंबर लावलाय काकू, कान तपासायला. डोळे नाहीत, आता कानही गेले तर काय करायचं, म्हणून.”

थोरलीनं डोळे मिटले.

“तो नंबर रद्द कर,” मी म्हटलं. “कान शाबूत आहेत तुझे. माझी अक्कल गेली होती.”

ती हसली की काय कळलं नाही. “पण का हो केलंत तुम्ही असं? ताईंनी तरी कसं चालू दिलं? त्या तर पहिल्याच धड्यात सांगतात, पुस्तकाचं साल तपासून घ्या म्हणून. आहेत का त्या? दोन मिनिटं बोलतील माझ्याशी?”

मी थोरलीकडे बघितलं. तिनं मान हलवली नाही, फोनही उचलला नाही. माझ्यावरच सोडलं.

“ती बोलू शकत नाही,” मी म्हटलं. “तिचा आवाज गेलाय. अडीच वर्षं झाली. घसा काढला. इथं माझ्या शेजारीच बसलीय, सगळं ऐकतेय. पण बोलू शकत नाही.”

शेजारणींना, नातेवाइकांना मी ‘बरं चाललंय तिचं’ एवढंच सांगत आले. हे सबंध वाक्य मी एका परक्या पोरीला सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं.

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मला वाटायचं त्या रोज वाचतात,” पोरगी म्हणाली. “म्हणजे, नवीन नवीन वाचत असतील कुठं तरी बसून.” मग म्हणाली, “ताई, ऐकताय ना? तुमच्यामुळे मी दहावीपर्यंत आले. खरंच. त्या चार मार्कांचं काही मनात आणू नका.”

थोरलीचे खांदे हलले. हसणं नव्हतं ते.

“ते धडे आता काढाल ना?” तिनं विचारलं.

“काढायलाच हवेत. नाही तर पुढची पोरं फसतील.”

“हो. काढा.” ती घुटमळली. “पण मला एखादा पाठवाल का? चौथाच पाठवा. अभ्यासाला नको. नुसता राहू दे माझ्याकडे.”

माझ्या जिभेवर हो होतं. एक काय, एकोणीसही दिले असते. कुणीतरी, देवानं धाडल्यासारखं, मला जे हवं होतं तेच मागत होतं. मी थोरलीकडे वळले. तिनं टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे केली. एकच शब्द होता.

नाही.

मी डोळ्यांनी विनवलं. तिनं स्क्रीन तशीच धरून ठेवली. हात खाली घेतला नाही.

“नाही म्हणतेय,” मी फोनवर सांगितलं.

“बरं,” पोरगी म्हणाली. “त्यांचा आहे.” मग तिच्याकडे फोन वाजायला लागले आणि तिला ते उचलावे लागले.

मी मुंगीला फोन केला. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, ती नुसती “बरं काकू, बरं काकू” करत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “आता खूण मी करत जाईन, चालेल ना?” चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पानावर काय चुकलं होतं, किती महिने चुकलं होतं, ते ठळक लिहून ठेवायचं ठरलं, आधी ऐकलेल्यांसाठी. पण बिनचूक वाटलेल्या पानावर परत कोण येतं? सात महिन्यांत किती जणांनी ऐकलं ते मला तोंडपाठ होतं. फोन एकीनंच केला. बाकीच्यांचं काय झालं, कुणाचे चार मार्क गेले, कुणी आपल्या कानांना दोष दिला, ते मला कधीच कळणार नाही.

स्टँडवालीलाही मीच फोन केला. तिचे धडे मी का काढले होते ते सगळं तिनं गपगुमान ऐकून घेतलं. म्हणाली, “माझ्याकडे प्रत आहे, संध्याकाळपर्यंत पाठवते.” आणि ठेवण्याआधी म्हणाली, “तुमच्या मुलीचं ऐकूनच मी वाचायला आले होते हो. तसं जमत नाही, मला माहीत आहे.” मी तिला काय काय नावं ठेवली होती ते आठवून मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मग आम्ही दोघी कॉम्प्युटरसमोर बसलो. खुर्ची तिनंच ओढली माझ्यासाठी. धडा काढायचा म्हटलं की तिथं आधी कारण लिहावं लागतं. कारणाशिवाय काही निघत नाही, हाही तिचाच नियम. मी एका बोटानं लिहिलं, ‘पुस्तक बदलले’. दाबलं. पहिला धडा गेला आणि खालचा सरकून त्याच्या जागी आला. परत लिहिलं, ‘पुस्तक बदलले’. दुसरा गेला. तिनं एकदाही मदत केली नाही, एकदाही हात आडवा घातला नाही. अक्षर चुकलं की ती थांबायची, मी दुरुस्त करेपर्यंत. एकोणीस वेळा.

शेवटचा गेल्यावर खाली नववीचं विज्ञान दिसायला लागलं. तेही तिनंच वाचलेलं. ते पुस्तक पुढच्या वर्षी बदलणार आहे, त्याच्या पुढच्या वर्षी आठवीचं. मुंगीची यादी भिंतीवर लावलेली आहे. त्यात सगळी वर्षं आहेत.

“चहा टाकू?” मी विचारलं.

ती हो म्हणते की नाही हे आता तिच्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही. मी बघितलं.

नाही म्हणाली. उठली, आणि आपल्या खोलीचं दार तिनं हलकेच लावून घेतलं.